तुमचा डावा हात, माझा उजवा

खेमराजभाऊ,

तुमची खाट पुढच्याच खेपेला भरली. तुम्ही तेव्हा अजून घरी होता, जिवंत होता. पण डायलिसिसला येणाऱ्यांची यादी लांब आहे, खाट रिकामी ठेवणं कुणाला परवडत नाही, हे मला कळतं. तरी त्या सोमवारी सकाळी सात वाजता वॉर्डात शिरले आणि तुमच्या जागी तिरोड्याकडचे एक गृहस्थ पाय पोटाशी घेऊन पडलेले दिसले, तेव्हा थोडा वेळ दारातच उभी राहिले. मेश्राम सिस्टर म्हणाल्या, "या ना बाई, मशीन लावून ठेवली आहे." मी गेले. वजन केलं. पडले. चार तास छताकडे पाहिलं.

तुम्ही गेल्यापासून लिहायचं मनात आहे, पण होत नव्हतं. डायलिसिसच्या दिवशी घरी आलं की अंगात काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटेस्तोवर तिसरा दिवस उजाडतो. हे तुम्हाला सांगायला नको. ज्याला हे सांगायला नको असा माझ्या ओळखीत एकच माणूस होता.

तीन वर्षं आपण शेजारी होतो. तुम्ही नवेगाव बांधचे, दोन तासांचा प्रवास करून गोंदियाला येणारे. मी जवळची, कामठ्याची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. पहिल्या दिवशी मी तुमच्याकडे नीट पाहिलंही नाही. मला फक्त भीती वाटत होती. डायलिसिससाठी हातातली एक नस मोठी करून घेतात, तिच्यात दोन जाड सुया टोचतात आणि चार तास तो हात हलवायचा नसतो. माझा डावा हात असा बांधला गेला होता. तुमचा आधी डावाच होता, पण त्यातली नस बंद पडली म्हणून मग उजवा घ्यावा लागला होता. तुमचा कामाचा हात.

माझं रडणं ओसरल्यावर तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचा उजवा हात मोकळा हाय ना?"

मी म्हटलं, "हो."

"माझा डावा मोकळा हाय. मंग दोघांचे मिळून एका माणसाचे हात होतेत." आणि उशीखालून पत्त्यांची गड्डी काढलीत.

मला वाटलं, हे जुगारी दिसतात. मेश्राम सिस्टरनाही तसंच वाटलं. त्या तरातरा आल्या. "काका, इथं पत्ते चालणार नाहीत." तुम्ही गड्डी फक्त त्यांच्यासमोर धरलीत आणि म्हणालात, "एक पान घ्या जी. पाहा. मले दाखवू नका. ठेवा." मला गड्डी अर्धी उचलायला लावलीत, पान वर ठेवायला लावलंत, मग दोघांनी मिळून गड्डी कापून खालीवर केली. तुम्ही पानं एकेक करून टेबलावर टाकू लागलात आणि बदामाच्या सत्तीवर थांबलात. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी पाळी संपायच्या आत हे कसं केलं ते सांगायचं." तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नाहीत. मला मात्र पुढच्याच खेपेला सांगितलंत. गड्डीच्या तळाचं पान आधी हळूच पाहून ठेवायचं. गड्डी कापून ठेवताना ते बरोबर त्या माणसाच्या पानाला चिकटतं. म्हणजे त्याचं पान आपल्याला ठाऊक नसतंच, आपण फक्त त्याच्या शेजाऱ्याला ओळखतो.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," तुम्ही म्हणालात. "पण हे एवढंच कोणाले सांगू नका. समजलं की लोकाईले राग येते."

तुम्ही जादू शिकलात कुठं, हे मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. धान कापणी झाली, दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडारीचं नाचगाणं, नाटक. त्यात दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात तुम्ही उभे राहायचात. 'जादूगार खेमराज' असा कापडी फलक होता म्हणे. पण शिकवणारं कुणी नव्हतं. जत्रेतून आणलेलं एक हिंदी पुस्तक, त्याची शेवटची काही पानं गळालेली. त्यामुळे चार गुलामांचा खेळ तुम्हाला अर्धाच मिळाला; पुढचा अर्धा तुम्ही दोन पावसाळे डोकं खाजवून बसवलात. नंतर हातात फोन आला आणि परदेशातल्या जादूगारांच्या चित्रफिती पाहायला लागलात. इंग्रजी समजत नव्हतं. मी विचारलं, "मग शिकता कसं?"

"आवाज बंद करून पाहाचं, बाई. जादूगार तोंडानं खोटं बोलते. हातानं नाई बोलू शकत."

आवाज बंद, गती कमी, आणि घरी देवकावहिनींच्या कपाटाचा आरसा. एवढीच तुमची शाळा. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. माझ्या हातून इतक्या चिकाटीचा विद्यार्थी गेला नाही. आणि तुमच्याइतका रागीट मास्तर मला कधी मिळाला नाही. माझ्या हातून पान निसटलं की म्हणायचात, "काऊन घाई करता? चार तास हायेत आपल्यापाशी. कुठं जाऊन राहिलो आपण?"

खरंच कुठं जाणार होतो? तहान लागली की बर्फाचा तुकडा, पोटऱ्यांत गोळे आले की सिस्टरला हाक, रक्तदाब खाली आला की पाय वर. मधल्या वेळात चाकाच्या टेबलावर गड्डी. तुमच्या डाव्या हातात ती धरलेली आणि माझा उजवा हात पानं उपसून पिसणारा. पहिले काही महिने पानं जमिनीवर पडायची आणि समोरच्या खाटेवरचे लोक हसायचे. मग एक दिवस कुणी हसलं नाही. आपल्यालाही ते लगेच लक्षात आलं नाही.

आपलं पहिलं भांडण एकवीस पानांवरून झालं. तो तुमचा आवडता खेळ. सात-सात पानांचे तीन ढीग, मनातलं पान कुठल्या ढिगात ते विचारायचं, तो ढीग मधात ठेवायचा, असं तीनदा. ते पान अकरावं येतं. तुम्ही चाळीस वर्षं तो केलात. मी घरी वहीवर मांडून पाहिलं आणि शुक्रवारी तुम्हाला दाखवलं, ते अकरावंच का येतं. तुम्ही कागद पाहिलात, घडी करून परत दिलात.

"पोस्टमार्टम केलं तुम्ही त्याचं."

"अहो, पण यात गंमतच आहे की. हे गणित आहे."

"मले माहीत हाय ते पान येते. कायले येते ते कोण पाहाते?"

मी म्हटलं, मी पाहते. तुम्ही तोंड फिरवलंत.  पण सोमवारी तुम्हीच विचारलंत, "बाई, त्या तुमच्या गणितानं पान अकराव्याच्या जागी सतराव्यावर आणता येईल का?"

मला अजून आठवतं, तेव्हा माझा रक्तदाब खाली गेला होता, सगळं धूसर दिसत होतं, आणि तरी मी मनात आकडे मांडायला लागले. नोकरी सुटल्यापासून मला कुणी गणित विचारलं नव्हतं. एकवीस पानांनी ते होत नाही. सत्तावीस लागतात. नऊ-नऊचे तीन ढीग. लोकांनी एक पान मनात धरायचं, सत्तावीसच्या आतला कोणताही आकडा सांगायचा, आणि तीन वेळा ढीग मांडून झाले की पान त्याच आकड्यावर. मनातलं पान असलेला ढीग दर वेळी वर, मधात की खाली ठेवायचा, एवढंच ठरवायचं असतं. सत्तावीस आकडे, सत्तावीस क्रम. मी तुम्हाला तक्ता करून दिला. तुम्ही तो पाठ करायला घेतलात. एसटीत देवकावहिनी तक्ता धरायच्या आणि तुम्ही म्हणायचात, सतरा, मधात-खाली-मधात. मागच्या सीटवरचे लोक वळून पाहायचे.

पाठांतर अर्ध्यावर असताना तुम्ही सलग दोन पाळ्या चुकवल्यात. दिवाळीला तीन आठवडे होते. तिसऱ्या खेपेला आलात ते धापा टाकत, चेहरा सुजलेला. सिस्टरनी ऑक्सिजन लावला. जरा सावरल्यावर तुम्ही मला म्हणालात, "आता बस करतो म्हणतो, बाई. डॉक्टरले पण सांगतलं. थकलो."

मी नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही पळून चाललात. म्हटलं, माणसाला एवढं मिळालंय, मशीन मिळाली, खाट मिळाली, ज्यांना तीही मिळत नाही त्यांना जाऊन विचारा. म्हटलं, सत्तावीसचा तक्ता अर्धा टाकून जाणारा माणूस जादूगार नाही, भित्रा आहे. समोरच्या खाटांवरची माणसं ऐकत होती. तुम्ही मास्कमधून एवढंच म्हणालात, "खेळ कधी थांबवाचा ते समजलं पाहिजे जादूगाराले."

"हा खेळ नाही."

"नाई ना. म्हणूनच थकलो."

तरी बुधवारी तुम्ही आलात. शुक्रवारी आलात. मला वाटलं, झालं, समजूत पटली. मी त्यावर पुन्हा बोललेसुद्धा नाही. दिवाळी झाली, तुमच्या गावची मंडई झाली. सोमवारी तुम्ही सांगितलंत, स्टेजवर खुर्ची घेऊन बसलात आणि सत्तावीस पानांचा खेळ केलात. कुणीतरी मुद्दाम एक हा आकडा दिला, तुम्हाला फसवायला. पान पहिलंच निघालं. लोक काही क्षण गप्पच. "चाळीस वर्षांत अशी चूप मंडई मी पाहिली नाई," तुम्ही म्हणालात, आणि लगेच झोपी गेलात. मशीन सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

मग तो शुक्रवार. तुम्ही आल्या आल्या सांगितलंत, आवाज न चढवता, "बाई, हे शेवटचं."

मी मशीनकडे तोंड केलं. तुम्ही नेहमीसारखी गड्डी काढून टेबलावर ठेवली असणार, कारण टेबलाचं चाक कुरकुरलेलं मी ऐकलं. तुम्ही वाट पाहिलीत. मी माझा उजवा हात पांघरुणाखालून बाहेर काढला नाही. चार तास. भाऊ, चार तास म्हणजे किती असतात ते आपल्याला माहीत आहे. सुया काढल्या, पट्टी बांधली, तुम्ही उठलात, देवकावहिनींनी तुम्हाला धरलं. जाताना तुम्ही माझ्या पायाशी पांघरूण नीट केलंत. मी झोपल्याचं सोंग घेतलं. जादूगारापुढे सोंग. तुम्हाला कळलंच असेल.

मी रागावले होते, हे खरं आहे. पण तो सगळा राग नव्हता. मलाही थकवा होता, तुमच्याइतकाच. ज्या दाराकडे मी रोज न पाहता जाते, ते तुम्ही उघडून मला दाखवत होता. मी तिकडे पाहिलं असतं तर मला ते बरं वाटलं असतं, याची भीती होती. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, तेही माहीत नाही.

पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी, तुम्ही थांबून नऊ दिवस झाल्यावर, मी गाडी करून नवेगाव बांधला आले. निघताना ठरवलं होतं, याच गाडीत घालून परत आणायचं. तुम्ही अंगणात खाटेवर उशांना टेकून बसला होता. पाय सुजून चकचकीत झालेले. बोलताना मधे मधे श्वास घेत होता. पण मला पाहून म्हणालात, "या बाई, बसा. आज दोन्ही हात मोकळे हायेत माझे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांत मी तुम्हाला दोन हातांनी पत्ते धरताना पाहिलंच नव्हतं.

तुम्ही चार गुलामांचा खेळ घेतलात. गोष्टीसकट. चार भाऊ तलावावर चोरून मासे धरायला जातात, एक या बांधावर, एक त्या झाडीत, एक नावेत, एक वर पहारा देतो. राखणदार शिटी मारतो आणि चौघंही धावत एका जागी गोळा होतात. तीन गुलाम गड्डीत वेगवेगळ्या जागी खुपसायचे, चौथा वरच ठेवायचा, आणि शिटीबरोबर चौघं वर. मला त्यातलं सगळं माहीत होतं. गुलामांच्या मागे तीन फालतू पानं लपवलेली असतात, आत जातात ती तीच, गुलाम जागचे हलतच नाहीत. माहीत असूनही तुमच्या बोटांत मला ती दिसली नाहीत. सुजलेली बोटं होती, तरी दिसली नाहीत. एक भाऊ बांधावर गेला. दुसरा झाडीत गेला. आणि तिसऱ्याच्या वेळी पानं निसटून पसरली, आणि सगळे गुलाम देवकावहिनींच्या पुढ्यात उताणे पडले.

तुम्ही वहिनींकडे पाहिलंत. चाळीस वर्षं त्यांना सांगितलं नव्हतंत. "फुटला," तुम्ही म्हणालात.

त्या पानं गोळा करत म्हणाल्या, "मले तं लग्न झालं त्या सालापासून माहीत हाय. कपाटाचा आरसा कोणाचा होता?"

तुम्ही हसलात. मग खोकलात, मग खूप वेळ खोकलात. मी तुमच्या पाठीवर हात फिरवत होते आणि गाडीवाला फाटकात येऊन पाहून गेला. मी गाडीचं काहीच बोलले नाही. निघताना एवढंच म्हटलं, "सोमवारी वाट पाहीन."

"पाहू नका, बाई."

बुधवारी सकाळी गेलात. मी तेव्हा खाटेवर होते. फोन पिशवीत वाजत राहिला. तेरवी नेमकी सोमवारी आली, मला येता आलं नाही. तुम्ही चुकलात असं मी अजून म्हणते, भाऊ. तेवढं मला म्हणू द्या. ते थांबवलं तर उद्या सकाळी साडेपाचला उठणं मला जमणार नाही.

आता कालचं सांगते. काल बुधवार. मी केंद्रात पोचले तर बाहेरच्या बाकावर देवकावहिनी. मांडीवर पिशवी, पदर डोक्यावर, तुम्हाला आत सोडून बसायच्या तशाच. मला वाटलं, काही कागद न्यायला आल्या असतील.

"नाई जी. चार वाजता जाग आली. गाडीत बसलो. इथं आलो तेव्हा समजलं, कोणाले आणलं मी?"

मी त्यांच्याजवळ बसले. त्या मग म्हणाल्या, "तो दिवाळीच्या आधीच सोडणार होता. तुम्ही बोलल्या त्याले. मंग आला. दोन महिने आला."

मी मग विचारलं, "फार त्रास झाला का वहिनी, त्या दोन महिन्यांत?"

"झाला. आडवा नाई होऊ शके. बसून झोपे, मी पाय दाबत बसो. माह्या मनात येत होतं, त्या मास्तरीणबाईले काय पडलं होतं बोलाचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "पण मंडईत बसला. सारं गाव चूप झालं. ते पण पाहिलं मी. आता तुम्ही चांगलं केलं का वाईट केलं, मले नाई समजत, बाई."

"मलाही नाही समजत," मी म्हटलं.

आतून सिस्टरनी हाक मारली. वहिनी म्हणाल्या, "जा तुम्ही. परतीची गाडी दुपारची हाय. मी बसतो इथंच."

तुमच्या जागचे ते गृहस्थ झोपले होते. मी मशीनकडे तोंड न करता पडले. मधे एकदा पोटऱ्यांत गोळे आले, सिस्टर आल्या, गेल्या. बाकी काही झालं नाही. सुया काढल्यावर मी नेहमी थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहते, डोळ्यांपुढचं काळं जाईपर्यंत, आणि मग हळूहळू बाहेर रिक्षापर्यंत जाते. माझ्याबरोबर कुणी नसतं. मुलगा दूर आहे, त्याला मी बोलावत नाही. काल भिंतीला टेकले, तेवढ्यात माझी पिशवी कुणीतरी घेतली. वहिनींनी मला रिक्षात बसवलं, पदर खोचला आणि विचारलं, "रोज कोण असते तुमच्या संगं?"

"कुणी नाही."

त्या म्हणाल्या, "सोमवारी नाई जमणार. नातीची शाळा हाय, तिची माय त्या दिवशी कामावर जाते. शुक्रवारी येतो मी."

दोन तास यायला, दोन तास जायला, चार तास त्या बाकावर. मी नको म्हणायला हवं होतं. मी नको म्हटलं नाही, भाऊ.